चौथ्या प्रकरणाला आडकाठी

फादर: ‘...आणि इथे लेखकाचा तोल सुटतो.’ पूर्णविराम. लिहिलंस?

ताई: लिहिलं. ‘तोल’ सांगताना तू टेबलावर हात आपटलास, तेवढा एक ठिपका पडलाय.

फादर: पडू दे. पुढे. ‘चौथ्या प्रकरणाने वाचकांची दिशाभूल होण्याचा संभव आहे.’

ताई: दमानं, धाकट्या. चौथी पास बाई आहे मी. ‘संभव’ला वेळ लागतो.

फादर: माझा हात असा थरथरत नसता तर तुला बसवलंच नसतं. साडेअकराला बिशपसाहेबांच्या कचेरीतून गाडी येईल. आज अहवाल गेला नाही, तर पुस्तक यंदा छापलं जायचं नाही.

ताई: आणि हा असला अहवाल गेला तर?

फादर: तरी छापलं जायचं नाही.

ताई: म्हणजे लंबूला इकडे आड, तिकडे विहीर.

फादर: लंबू नको म्हणूस. डॉक्टर आहे तो आता. समुद्रापलीकडची पदवी आहे. माझ्या वर्गात, माझ्या खुर्चीवर बसून माझाच विषय शिकवतो.

ताई: पदवीनं उंची कमी झाली का? स्वयंपाकघराच्या चौकटीला डोकं आपटायचा आणि चौकटीचीच माफी मागायचा. मी लंबूच म्हणणार.

फादर: म्हण. पण लिही. ‘म्हणून परीक्षक या नात्याने...’

ताई: थांब. मला एकदा नीट सांग. तू एवढे दोन महिने भिंग घेऊन वाचतोयस, ते कशासाठी?

फादर: किती वेळा सांगू! धर्माच्या, नीतीच्या पुस्तकात शिकवणुकीला बाध आणणारं काही नाही ना, हे छापण्याआधी एकानं वाचून बघायचं. नसेल तर तीन शब्द लिहायचे, ‘छपाईस आडकाठी नाही’. ते पहिल्या पानावर छापतात, खाली परीक्षकाचं नाव.

ताई: म्हणजे लंबूच्या पुस्तकात तुझं नाव येणार.

फादर: बारीक टायपात. त्याच पानाच्या मागच्या बाजूला.

ताई: हं.

फादर: काय हं?

ताई: काही नाही. प्रकरणं सात आहेत म्हणालास. बाकीची सहा कशी आहेत?

फादर: बरी आहेत.

ताई: बरी?

फादर: चांगली आहेत.

ताई: किती चांगली?

फादर: तू काय वकिली सुरू केलीस का?

ताई: परवा तिसरं प्रकरण वाचताना चष्मा काढून भिंतीकडे बघत बसला होतास. मी चहा ठेवला. निवला, त्यावर साय धरली, तरी तुझं लक्ष नाही. तेव्हा किती चांगलं होतं, ते विचारते.

फादर: तेव्हा... तेव्हा वाटलं, हे माझं आहे. माझ्याच खोक्यांतलं. फक्त मी लिहिलेलं नाही.

ताई: त्यानं चोरलं?

फादर: चोरलं असतं तर बरं झालं असतं! चोराला पकडता येतं. त्यानं स्वतःचं स्वतः शोधलं, ताई. मी चाळीस वर्षं या एका प्रश्नावर चिठ्ठ्या लिहितोय, सदसद्विवेकाचा आवाज खरा कोणता आणि खोटा कोणता. बुटांची अकरा खोकी भरली. आणि ह्यानं तीन वर्षांत बांधून मोकळं केलं.

ताई: मी झटकते ना ती खोकी दर शनिवारी. सातव्यातून झुरळ निघालं होतं. तेवढंच काय ते बाहेर आलं.

फादर: हसून घे.

ताई: हसत नाही रे. सुंभ जळतो, पीळ जळत नाही. सत्तरी आली तुझी.

फादर: पीळ? माझा? अगं, मला काय त्याचं! त्याची अर्पणपत्रिका वाचलीस तर तुलाच कळेल. ज्यानं त्याच्याकडून लॅटिनच्या विभक्त्या पाठ करून घेतल्या, ज्यानं रात्रंदिवस त्याचे निबंध तपासले, त्याचं नावही नाही. पुस्तक कोणाला अर्पण केलंय माहितीये? एका तीन पायांच्या स्टुलाला! गुरू राहिला बाजूला, आणि स्टुलाचा सत्कार!

ताई: स्टुलाला?

फादर: ‘ज्या तीन पायांच्या स्टुलावर बसून मी विचार करायला शिकलो, त्याला.’ विद्वानांचे चोचले. काय झालं? लिही ना.

ताई: टाक सुकला होता. झटकते. काय आहे रे त्या चौथ्यात एवढं?

फादर: तुला काय करायचंय?

ताई: हात माझा चाललाय. हाताला कळू दे काय लिहितोय ते.

फादर: बरं. ऐक. देवानं प्रत्येक माणसाच्या मनात एक नियम घालून ठेवलाय. भलं करावं, वाईट टाळावं. हा कुणी शिकवावा लागत नाही. राजाला आहे, भंगारवाल्याला आहे, मंदिरात जाणाऱ्याला आहे, कुठेच न जाणाऱ्याला आहे.

ताई: आईच्या पोटातून आणलेली अक्कल.

फादर: तसंच. पण नुसत्या तेवढ्यानं भागत नाही. आत्ता, इथे, या कामात भलं कोणतं, ते बुद्धीनं ठरवावं लागतं. बुद्धी जो निवाडा देते, तो सदसद्विवेक. लोकांना वाटतं ती आतली हुरहूर आहे. हुरहूर नाही, निवाडा आहे. आणि तो मानावाच लागतो.

ताई: चुकला तरी?

फादर: चुकला तरी. पण एक अट आहे. आधी आपण नीट तपासून बघितलेलं असलं पाहिजे. ज्याला विचारलं असतं तर कळलं असतं, आणि विचारलंच नाही, त्याला ‘मला माहीत नव्हतं’ म्हणायची सोय नाही. ते अज्ञान त्याच्याच पदरात पडतं. हे मी दर वर्षी पहिल्या तासालाच सांगायचो.

ताई: दर वर्षी?

फादर: पस्तीस वर्षं. न चुकता.

ताई: बरं. मग लंबूचं काय चुकलं?

फादर: त्यानं उदाहरण घेतलंय. कोण, तर म्हणे शिडं शिवणारी एक बाई. जहाजाची शिडं. अक्षरशत्रू. तिचा वरिष्ठ सांगतो, शीड ठीक आहे, तुझी खूण घाल आणि पाठव. ती म्हणते, नाही. आणि काय करते? कात्री घेते आणि शीडच फाडून टाकते! कामावरून हाकललं तिला. वर मजा अशी, की शीड चांगलंच होतं. तिचीच चूक. आणि आमचे डॉक्टर वीस पानं लिहितात की बाई चुकली तरी बरोबर होती, आणि मोठमोठ्या शास्त्र्यांनी तिच्या पायाशी बसावं! थोतांड आहे हे. अशी बाई नसतेच. ह्यानं टेबलापाशी बसून रचलीय.

ताई: नसते?

फादर: न शिकलेली माणसं असा निवाडा करत नाहीत, ताई. ती चिडतात. मुकादमावरचा राग शिडावर निघाला, संपलं. त्याला सदसद्विवेक म्हणायचं? आणि तिच्या तोंडी वाक्य काय घातलंय बघ. कविताच! ‘आधी बोटाला कळलं, मग डोक्याला पटलं...’

ताई: ‘...मग हाताला राहवेना.’

फादर: हो, राहवेना. आता तूच सांग, शिडं शिवणारी बाई असं... तुला कसं माहीत?

ताई: टाक पुन्हा सुकला.

फादर: टाक राहू दे. नियम आहे, हस्तलिखित परीक्षकाशिवाय कुणी वाचायचं नाही. तू कपाट उघडलंस?

ताई: तुझ्या कपाटाची किल्ली तुझ्या गळ्यात, क्रुसाशेजारी. मी कशाला उघडू?

फादर: मग?

ताई: तो दोर होता, धाकट्या. शीड नव्हतं. कात्री नव्हती, विळा होता. बाकी त्यानं बरोबर लिहिलंय.

(फादर उभे राहतात, पुन्हा बसतात.)

फादर: दोराचा कारखाना.

ताई: हो.

फादर: तू म्हणालीस, मुकादमाशी वाजलं.

ताई: वाजलंच की. खोटं नाही बोलले.

फादर: का वाजलं, ते नाही सांगितलंस!

ताई: विचारलंस का? घरी आलास, ट्रंक ठेवलीस, बाबांच्या खाटेकडे बघितलंस आणि मला म्हणालास, ‘ताई, तुझ्या या जिभेपायी माझं वर्ष गेलं.’ त्या वाक्यानंतर कोण काय सांगणार?

फादर: वर्ष नाही गेलं. सगळं गेलं. समुद्रापलीकडे माझी जागा ठरली होती. तुझं काम सुटलं, बाबा खाटेवर, म्हणून मी शाळेत शिकवायला लागलो. जागा दुसऱ्याला दिली. मग वीस वर्षांनी त्याच विद्यापीठात, त्याच पायऱ्यांवर उभं राहून त्या लंबूनं मला फोटो पाठवला! मी तो फोटो अजून...

ताई: माहीत आहे. नवव्या खोक्यात.

फादर: आणि तुझं हे, जे माझ्या आयुष्यावरून गेलं, ते तू त्याला सांगितलंस. त्याला! मला नाही.

ताई: तो स्टुलावर बसायचा. तुझ्याकडे निबंध द्यायला यायचा, तू वाचत असलास की स्वयंपाकघरात येऊन टेकायचा. मी सुताची गुंडी करायचे, तो लडी धरायचा. एकदा विचारलं, ‘ताई, तुम्ही गाठ मारण्याआधी दोन वेळा बोट का फिरवता?’ एवढंच विचारलं. मग मी सांगितलं.

फादर: मी चाळीस वर्षं शोधत होतो. तू ओट्यापाशी होतीस.

ताई: दहा पावलांवर.

फादर: आणि मी त्या पोराचा हेवा करतोय त्याच्या बुद्धीसाठी. हेवा करायचा तर त्या स्टुलाचा करायला हवा. सांग. मलाही सांग.

ताई: आता पुस्तकात वाचलंयस ना.

फादर: त्यात शीड आहे. मला दोर सांग.

ताई: उंच भिंती रंगवणाऱ्यांच्या झुल्याचा दोर. त्याला माणूस लटकतो. माझं काम काय, तर वेटोळं उलगडत जायचं, हातभर हातभर बोटं फिरवत, आणि शेवटी शिशाची खूण ठोकायची. माझी खूण पडली की दोर गेला. त्या दिवशी सातव्या हातावर बोट थांबलं. एक पेड मऊ लागला. मुकादम म्हणाला, वर तपासलाय, ठोक. मी म्हणाले, कुणी तपासला? तो म्हणाला, तुझं काम ठोकायचं. दुपारी गाडी आली, दोर उचलायला लागले. मग विळा घेतला.

फादर: आणि दोर चांगला होता.

ताई: चांगला. राहिलेला तुकडा मुकादमानं छपराला बांधला, खाली दगड टांगले. मला तीन दिवस दारात उभं करून दाखवला. तुटला नाही. तिथे तेल जास्त मुरलं होतं, म्हणून मऊ. एवढंच.

फादर: मग तुला वाईट नाही वाटलं?

ताई: वाटलं. पण पुन्हा तसाच मऊ लागला असता, तर पुन्हा कापला असता. हे लंबूला सांगितलं तेव्हा त्यानं लडी खाली टाकली. सगळा गुंता. दोन दिवस सोडवत होते मी.

फादर: सगळं सांगितलंस त्याला. मला उष्टं.

ताई: धाकट्या!

फादर: खरं बोलतोय. लहानपणी तू दुधाची खरवड मला ठेवायचीस, आठवतं? कुणाला हात लावू द्यायची नाहीस. आता त्यालाच सगळं, मला पातेलं घासायला. त्याला न सांगितलेलं काही उरलंय का तुझ्याकडे? एवढंसं?

ताई: आहे.

फादर: काय?

ताई: नको. तुझ्या हातात कागद आहे आज.

फादर: सांग, ताई.

ताई: विळा घेतला ना... तेव्हा एक मनात आलं. अर्धा क्षण. की आता माझं काम जाईल आणि धाकट्याला घरी यावं लागेल. आणि बरं वाटलं. आईनं मला चौथीनंतर शाळेतून काढलं, तुला बोटीत बसवणार होती. तुझी पत्रं यायची, मोठमोठ्या शब्दांची, आणि मी ती आईला वाचून दाखवायचे, अडखळत. ती शब्द ऐकून रडायची आणि मला म्हणायची, नीट वाच की गं. तर बरं वाटलं. मग दोर कापला. आता तो कोणी कापला, बोटानं की हेव्यानं, ते मला आजवर कळलेलं नाही. लंबूला हे माहीत नाही. घे. मोडायचं असेल चौथं प्रकरण, तर हे घाल अहवालात. थोतांड म्हणायचीही गरज नाही मग.

ड्रायव्हर: फादर! आहात का घरात? गाडी लावलीय बाहेर. पाकीट तयार ना? बारापर्यंत कचेरी बंद होते, आणि रस्त्यावर खोदकाम, गाडी गोगलगायीसारखी चाललीय.

फादर: आत या, बसा. ताई, एक विचारतो. कापायच्या आधी किती वेळा बोट फिरवलंस त्या सातव्या हातावर?

ताई: तीनदा.

फादर: नक्की?

ताई: तीनदा. एकदा डोळे मिटून. तिसऱ्यांदा मी देवाला म्हणाले, कडक लागू दे. मला घरी जायचं नव्हतं रे. पण मऊच लागला.

फादर: मग हेव्यानं नाही कापला.

ताई: तुला काय माहीत?

फादर: हेवा तीनदा बघत नाही, ताई. तो एकदा बघतो आणि उठतो. वाटेत आला असेल, बरंही वाटलं असेल, पण विळा त्याच्या हातात नव्हता.

ताई: हे तुझ्या खोक्यात आहे?

फादर: नाही. आत्ता कळलं.

ड्रायव्हर: फादर, तेवढं पाकीट दिलंत तर...

ताई: मग मीही एक विचारते. तू चौथं प्रकरण किती वेळा वाचलंस?

फादर: बाकीची तीन-तीनदा वाचली.

ताई: चौथं?

फादर: पुन्हा उघडवलं नाही.

ताई: किती वेळा, धाकट्या?

फादर: एकदा.

ड्रायव्हर: मी बाहेर थांबू का?

फादर: नाही, बसा. पाकीट अजून तयार नाही. वीस पानं वाचायची राहिलीत. मग लिहीन, ‘आडकाठी आहे’ की ‘नाही’. आत्ता मला खरंच माहीत नाही. बिशपसाहेबांना फोन करा, म्हणावं म्हातारा परीक्षक हळू वाचतो, आज संध्याकाळपर्यंत थांबा.

ड्रायव्हर: साहेब रागावले तर?

ताई: म्हणावं, त्याची बहीण शेजारीच बसलीय. चहा घ्याल ना?

ड्रायव्हर: घेईन की. साखर दोन चमचे. डॉक्टरांनी नको सांगितलंय, पण डॉक्टर कुठे इथे आहेत!

ताई: आमच्याकडे आज सगळ्यांचेच विवेक तपासायला निघालेत, तुमचाही निघेल. एकच चमचा मिळेल.

फादर: ताई, किल्ली काढ माझ्या गळ्यातून. हात लटपटतोय. खालचा कप्पा, निळं बासन.

ताई: नियम आहे ना? परीक्षकाशिवाय कुणी...

फादर: वाचायचं नाही. ऐकायचं नाही असं कुठे लिहिलंय? मी वाचतो, तू ऐक. आणि ते स्टूल आण इकडे.

ताई: स्टुलावर तू बसणार? कंबर धरेल तुझी.

फादर: धरू दे.

ताई: आम्ही वेटोळी ओढताना एक गाणं म्हणायचो. पेड एकीकडे पिळायचे, दोर उलटीकडे. ‘पेडाला पेड भांडे, सुटायाची घाई, भांडता भांडता त्यांचा दोर झाला बाई.’ 

फादर: हे त्याला सांगितलंयस?

ताई: गाणं? नाही. त्याला सूर नाही, वाया गेलं असतं.

फादर: बरं झालं.

ताई: झाला का आनंद! लहान मूल आहेस तू अगदी. आणि हा लिहिलेला कागद? ‘तोल सुटतो’वाला? रेघ मारू?

फादर: फाड.

ताई: फाडायचं नसतं, तुकडे वाकडे होतात. कापते. सवय आहे मला.

फादर: हं. कुठे होतो आपण... ‘प्रकरण चौथे.’ ताई, वाचताना माझा आवाज कुठे घाई करायला लागला, तर थांबव मला.

ताई: तू वाच. मी बोटं फिरवते.